पूरवाले सर

लग्नाला गेलेला माणूस आधी नवरानवरी बघतो, नाहीतर पंगत कुठे बसली ते बघतो. आमचे सर जिना बघायचे. मंगल कार्यालयात शिरल्या शिरल्या गच्चीचं दार कुठल्या बाजूला, त्याला कुलूप आहे का, असलं तर किल्ली कोणाकडे, एवढी चौकशी केल्याशिवाय ते अक्षता हातात घेत नसत. माझी मैत्रीण वैशाली, तिच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी मुलीच्या वडिलांना हाताला धरून बाजूला नेलं. काकांना वाटलं, मुलाकडचे रुसले असतील. सर म्हणाले, "जेवनाचा हॉल रोडपेक्षा खाली हाय तुमचा. पानी शिरलं तं पहिले बुंदी वाहीन आन् मंग वऱ्हाडी." मे महिना होता. अमरावतीत नळाला पाणी नव्हतं आणि हा बाबा पुराच्या गोष्टी करत होता. काका दिवसभर जो भेटेल त्याला विचारत होते, हा माणूस आपल्याकडचा की मुलाकडचा?

कोणाकडचाच नव्हता. अमरावतीच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात ते कम्युनिटी हेल्थ शिकवायचे. गळ्यात शिट्टी. स्कूटरच्या हँडलला दोरखंडाची गुंडाळी आणि मागे ट्रकच्या टायरची ट्यूब. पेट्रोल पंपावरची पोरं विचारायची, "सर, कुठं बुडायले चालले?" त्यावर सर हसून म्हणायचे, "जिथं बोलावतीन तिथं." गंमत म्हणजे त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. चिखलदऱ्याच्या सहलीत तलावापाशी गेलो, तेव्हा हा माणूस काठापासून लांब दगडावर बसून आम्हाला शिट्टी मारत होता.

आमच्या पुस्तकात एक धडा होता, 'आरोग्याचे सामाजिक निर्धारक'. नाव उच्चारतानाच घशाला कोरड पडायची. पहिल्या वर्षाच्या बाई तो धडा उतरवून द्यायच्या आणि आम्ही न वाचता पाठ करायचो. सरांनी पहिल्याच तासाला पुस्तक मिटलं. म्हणाले, "पोरीहो, हे नाव परीक्षेत लिहा, माह्यापुढं घेऊ नका. एवढंच ध्यानात ठेवा. मच्छर कोनालेबी चावते, पन मलेरिया पत्ता इचारून जाते. म्हनून पेशंट आला का आधी पत्ता इचारा. घर कसं हाय, पानी कुठून भरते, घरात कोन कमावते, कोन उपाशी झोपते. रोग त्यातच सापडीन. नाव मागाहून इचारलं तरी चालते." तेव्हापासून मी आजतागायत पेशंटचा पत्ता आधी विचारते आणि सिनियर सिस्टरांच्या शिव्या खाते.

ही पत्त्याची खोड त्यांना कुठेही स्वस्थ बसू देत नसे. सेमाडोहच्या शिबिरावरून परतताना ते आमच्या घरी, परतवाड्याला, चहाला थांबले. आईने सतरंजी टाकली, नवे कप काढले. सर काही बसेनात. उभ्या उभ्या म्हणाले, "ताई, संडास कुठं हाय?" आईने लगबगीने बादली भरली, नव्या साबणाचं वेष्टन फाडलं. सर परसात गेले, दार उघडून आत डोकावले, दार लावलं आणि लगेच परत आले. "विहिरीपासून लांब हाय. ब्येस हाय," म्हणाले आणि चहा ओतून घेतला. आईला ते काही पटलं नाही. निघताना तिने त्यांच्या हातात ओव्याची पुडी ठेवली आणि मला आत ओढून हळूच म्हणाली, "तुह्ये सर लय लाजाळू हायेत व माय. त्याईले म्हनावं, झोपताना कोमट पानी घेत जा."

आता पुराचा खेळ सांगते, कारण त्याच्याशिवाय सर म्हणजे मिठाशिवाय वरण. कॉलेजच्या पटांगणात सर चुन्याने गाव आखायचे. गच्चीच्या जिन्यालगत बंगले, मग बाजार, मग चाळ, आणि पार टोकाला कंपाउंडजवळ नाला आणि त्याच्या काठची पत्र्याची वस्ती. परातीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. जिला जी चिठ्ठी येईल ती ती बाई किंवा तो माणूस, आणि जिथला पत्ता तिथे जाऊन उभं राहायचं. पहिली शिट्टी म्हणजे मोबाइलवर इशारा आला, धरणाची दारं उघडली. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी निघायचं. दुसऱ्या शिट्टीला पाणी गुडघ्याला. तिसरीला जो गच्चीवर नाही तो बुडाला. बुडालेल्यांनी कडुलिंबाखाली बसायचं, आणि खेळ संपल्यावर आधी बोलायचं ते बुडालेल्यांनीच. वाचलेल्यांनी ऐकायचं.

सगळ्यात वाईट चिठ्ठी कमलाची. कमला, वय सव्वीस, आठवा महिना, नाल्याला लागून घर. घरात फोन एकच आणि तो नवरा वीटभट्टीवर घेऊन गेलेला. त्यामुळे पूर येतोय हे कमलाला कळतच नाही. कोणी तिच्या दारापर्यंत येऊन सांगितलं तरच तिने उठायचं, असा नियम. कोणीही येऊ शकतं, बंदी नाही. फक्त मागे आलं की स्वतःची एक शिट्टी वाया जाते. सर सांगायचे, हा खेळ सुरू केल्यापासून कमला दरवेळी बुडाली.

आमच्या वर्षाला ती चिठ्ठी मला आली. मी भांडले. "सर, मले दुसरी द्या."

"कमलेनंबी हेच म्हनलं असतं," सर म्हणाले. "तिले कोन देते दुसरी?"

बसले मग कंपाउंडजवळ उन्हात, पुढ्यात घागर घेऊन. पहिली शिट्टी झाली. पोरी धावल्या, चपला पडल्या, जिन्यात खिदळणं. मला दिसत होतं सगळं. वैशालीला बंगल्यातल्या वकीलणबाईची चिठ्ठी होती, ती सगळ्यात आधी वर पोचली आणि कठड्यावरून मला हात हलवून दाखवत होती. मी बोंबलले, "अवं भवाने, ये ना खाली." सर शेजारी येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "कमला ओरडते, पन वर ऐकू जात नाही. तुया आवाज बंद." मला आधी कंटाळा आला, मग राग आला, आणि तिसऱ्या शिट्टीला खरंच रडू फुटलं. खेळात कोणी रडतं का? पण मी रडले. सगळे वर आणि मी एकटी खाली, हे मला सहनच झालं नाही. कडुलिंबाखाली बसून मी वैशालीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर मात्र मान डोलवत होते. परीक्षेत त्या धड्यावर प्रश्न आला, तेव्हा मी पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या.

असा हा माणूस, आणि नोकरी टेम्पररी. दर जूनमध्ये त्यांची ऑर्डर संपायची आणि संस्थेच्या मनात आलं तर नवीन निघायची. जून आला की सर कॉलेजच्या क्लार्कशी गोड बोलायला लागायचे, ते त्यांना अजिबात जमत नसे. काकू, म्हणजे सरांची बायको, आम्ही घरी गेलो की पोहे देता देता म्हणायच्या, "ह्याईले जगाचा पूर दिसते. घरातलं पानी कुठवर आलं ते दिसत नाही." सर खाली मान घालून पोहे खायचे. आमच्या शेवटच्या वर्षी ती जागा कायम करायची असं ठरलं. सर पर्मनंट होणार की घरी बसणार, हे संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात. आणि अध्यक्षांनी निरोप पाठवला, आम्ही येतो, तुमचा तो पुराचा खेळ म्हणतात तो आम्हीही खेळतो, मग बघू.

अध्यक्ष म्हणजे साधी असामी नव्हे. पांढरे कडक कपडे, अंगाने भारी, मागेपुढे माणसं. शहरातल्या कोणत्या नाल्यावर कुठे भिंत घालायची हे त्यांच्या दिवाणखान्यात ठरतं, असं लोक बोलायचे. आमच्या प्राचार्य बाई पुण्याच्या, फार सज्जन, पण घाबरट. त्यांनी वैशालीला आणि मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. "हे बघा, साहेबांना नाल्यावरची चिठ्ठी जाता कामा नये. त्यांना बंगला मिळायला हवा. सरांना सांगू नका, ते ऐकणार नाहीत." आम्ही म्हटलं, बाई, काळजी करू नका. बंगल्याची चिठ्ठी आम्ही परातीत सगळ्यात वर ठेवणार होतो, आणि परात पहिल्यांदा साहेबांपुढे धरणार होतो. ह्यात चुकण्यासारखं काय होतं?

चुकलं ते मानपानामुळे. मी परात धरली. साहेब हात जोडून म्हणाले, "पहिला मान म्याडमचा." बाई पांढऱ्या पडल्या. "छे छे, साहेब, आधी तुम्ही." साहेब म्हणाले, "असं कसं? गुरुजनायचा मान पहिला." बाईंनी संस्थेच्या सचिवांकडे परात सरकवली, सचिव म्हणाले साहेबांच्या आधी माझा हात जाणार नाही. परात ह्या पोटावरून त्या पोटाकडे फिरतेय आणि मी तिच्या मागे मागे. शेवटी साहेबांना आपण किती साधे आहोत हे दाखवायची सुरसुरी आली. लांब उभ्या असलेल्या ड्रायव्हरला त्यांनी हाक मारली, "ये रे, पहिली चिठ्ठी तू घे. आपल्यापाशी लहानमोठं काही नाही." ड्रायव्हरने लाजत लाजत वरची चिठ्ठी उचलली. बंगला, दुमजली, मोटार दारात. टाळ्या पडल्या. मग साहेबांनी थेट परातीच्या तळात हात घातला.

"कमला," त्यांनी मोठ्याने वाचलं. "वय सव्वीस. आठवा महिना."

कोणी हसलं नाही. हसायची सोयच नव्हती, कारण आठव्या महिन्याचं सोंग आणायला साहेबांना वेगळं काही करावं लागणार नव्हतं. वैशालीने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, साहेब, राहू द्या, दुसरी घ्या. कायम नोकरी समोर खुर्चीवर बसली होती की हो. सर पुढे आले आणि म्हणाले, "या साहेब. तुमचं घर तिकडं, कंपाउंडजवळ." आणि हात पुढे केला, "फोन द्या. नवरा घेऊन गेला."

साहेब हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. फोन दिला. तिथे त्यांच्यासाठी खुर्ची नेली, पुढ्यात घागर ठेवली. पहिली शिट्टी झाली.

आणि बंगल्यातला ड्रायव्हर सोडला तर गच्चीकडे कोणी गेलंच नाही. सगळं गाव नाल्याकडे धावलं. सचिवांना बाजारातल्या किराणा दुकानदाराची चिठ्ठी होती, ते दुकान टाकून पळत सुटले. प्राचार्य बाईंना गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या सासूबाईंची चिठ्ठी होती, त्यांनी साडीचा पदर खोचून ढांगा टाकल्या. पोरी, शिपाई, क्लार्क, सगळे. "कमलाबाई, चला, पाणी आलं," असं प्राचार्य बाई हात जोडून म्हणत होत्या. साहेब उठणार तेवढ्यात सचिव ओरडले, "साहेबायले चालू देऊ नका, आठवा महिना हाय." मग काय, खुर्चीसकट उचललं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. दुसरी शिट्टी. सरांच्या खिशात साहेबांचा फोन आरतीच्या ट्यूनवर वाजतोय, सर काही उचलत नाहीत. वरून ड्रायव्हर कठड्यावर वाकून विचारतोय, "साहेब, मी येऊ काय खाली?" आणि सर खालून त्याला सांगताहेत, "तू येऊ नको, तू बंगल्यातला हायेस." शेवटी ढकलाढकली करून साहेबांना गच्चीत पोचवलं आणि तिसरी शिट्टी झाली. खुर्ची ढकलणारे सगळे जिन्यातच राहिले, म्हणजे बुडाले. सबंध गावात ड्रायव्हर आणि कमला एवढेच वाचले.

आम्ही जिन्यात घामाने निथळत टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वरून सगळ्यांना नमस्कार केला. बाईंचा जीव भांड्यात पडला. मलाही वाटलं, सुटलो. सर पर्मनंट झाले.

सरांनी टाळ्या संपू दिल्या. मग सगळ्यांना कडुलिंबाखाली बसवलं, साहेबांनाही. म्हणाले, "आज कमला पहिल्यांदा वाचली. मले सांगा, काहून वाचली?"

सचिव म्हणाले, "टीमवर्क."

सर म्हणाले, "टीम दरसाल असते, सचिव साहेब. नाला तोच, घर तेच, आठवा महिना तोच. कोनी पोरगी कमला झाली का गाव वर जाऊन शेंगदाने खाते. आज सारं गाव मांगं आलं. म्हनजे येता येते. इतके दिवस मलेच वाटे, नियमच जड हाय." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता हो. ते खरंच खूश झाले होते, एखादं अडलेलं गणित सुटावं तसे. तेच तर अवघड होतं.

साहेबांनी रुमालाने मान पुसली, थोडं हसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, खेळ चांगला हाय. पन ह्या कमलेचं घरच तुमी चुकीच्या जागी ठेवलं. थोडं वर सरकवा ना तिले. सोपं होईन."

"सरकवतो की," सर लगेच म्हणाले आणि खिशाचा पेन काढला. "चिठ्ठीतलं घर मी आताच सरकवतो साहेब. नाल्यावरचं तेवढं तुमी सरकवा. थे माह्या हातात नाही."

प्राचार्य बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, सरांच्या तोंडावर हात ठेवावा, ओढत आत न्यावं. काकूंचं तोंड माझ्यासमोर आलं. साहेब उठले, फोन मागून घेतला, घड्याळ बघितलं. मागच्या अंगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजून तयार होते, वांग्याची भाजी उकळत होती, सगळा बेत त्यांच्यासाठी होता. ते न जेवता गेले. वऱ्हाडात पाहुणा रोडगे टाकून जातो म्हणजे काय समजायचं ते आम्ही समजलो. आम्ही मात्र जेवलो. सरांनी स्वतः वाढलं, तुपाची धार धरली, आणि एकेकीला विचारत होते, "जिन्यात अडकली तवा तुले काय वाटलं?" मी चिडून म्हटलं, "सर, तुमची नोकरी गेली असं वाटलं." ते म्हणाले, "थे तं हायेच. पन जिन्यात काय वाटलं?"

नोकरी मात्र गेली नाही. जूनमध्ये ऑर्डर आली, पर्मनंट, पण तेल्हाऱ्याला. तिथे संस्थेने नुकतीच एएनएमची, म्हणजे खेड्यातल्या नर्सबाईंची, शाळा काढली होती. क्लार्कने आतली बातमी सांगितली, साहेब म्हणाले होते, "मानूस खरा हाय, पन डोळ्यापुढं नको." शिवाय तेल्हाऱ्याची शाळा पत्र्याच्या दोन शेडमध्ये होती. गच्चीच नव्हती. म्हणजे नोकरी दिली आणि खेळ काढून घेतला, असा त्यांचा हिशेब. काकू म्हणाल्या, "पर्मनंट हाय ना? मंग तेल्हारा तं तेल्हारा." सामान भरताना त्या गुणगुणत होत्या म्हणे. सर दोरखंड आणि ट्यूब घेऊन गेले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अकोल्याला हॉस्पिटलात लागले, लग्न झालं, सर अधूनमधून फोन करायचे. असाच एकदा ड्युटीवर असताना फोन आला. मी वॉर्डच्या व्हरांड्यात येऊन उचलला.

"खेळ बिघडला," सर म्हणाले. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"गच्ची नाही म्हणून?"

"गच्चीचं काय, शाळेच्या मांगं मातीचा ढिगारा हाय, थ्योच गच्ची धरला. पन ह्या पोरीले खेळताच येत नाही व. पहिली शिट्टी मारली. बंगल्यातली पोरगी, वर जाचं सोडून, सरळ नाल्याकडं गेली. मले वाटलं, रस्ता चुकली. शिट्टी मारून थांबवलं, नियम पुन्हा सांगितले, पुन्हा चिठ्ठ्या वाटल्या. दुसरी पोरगी बंगल्यात आली, थेबी नाल्याकडं. मंग बाजारातलीबी गेली, चाळीतलीबी गेली. कमला पहिल्याच शिट्टीले उठून उभी."

"साहेब आले होते का तिथे?"

"कोनी साहेब नाही. पोरीच पोरी. कमलेची चिठ्ठी आली थे पोरगी तं बारीकशी, कोनी ओळखीनबी नाही अशी." मग म्हणाले, "त्या पहिल्या पोरीले इचारलं. म्हटलं, तुह्याकडं फोन हाय, मोटार हाय, तू वर काहून नाही गेली? तं थे मलेच इचारते, सर, तिच्यापाशी फोन नाही ना? मंग तिले कोन सांगीन?"

व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक डबे सोडून बसले होते. आतून सिस्टर मला हाक मारत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचीही लाज वाटत नव्हती.

"तू शिकेल हायेस, तूच सांग," सर पलीकडून वैतागून विचारत होते. "आता ह्या पोरीले मी काय शिकवू?"